यानाला शिशाचं चिलखत का नाही? (एका प्लॅस्टिकवाल्याची शंका)

दाणेवाला | रविवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. भोसरीत माझं छोटं मोल्डिंगचं वर्कशॉप आहे. एचडीपीईची, म्हणजे टणक पॉलिथिनची, पिंपं, कॅन, बुचं, असला माल. विज्ञानाशी संबंध बारावीत सुटला तो सुटलाच. तरी आज इथं आलोय, कारण भाचीनं माझी विकेट काढली.

भाची नववीत. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिला मंगळावर जाणाऱ्या यानाचं मॉडेल करायचंय. जेवताना विचारलं, "मामा, दाताच्या डॉक्टरकडे एक्स-रे काढताना शिशाचा जड एप्रन घालतात, तसा अख्ख्या यानाला का नाही घालत?" मी मामाच्या अधिकारात सांगून टाकलं, "वजन गं. शिसं वर न्यायचं म्हणजे रॉकेटचा खर्च बघ." तर म्हणते, "नाही, वजन फुकट नेता आलं तरी शिसं वाईटच. त्यापेक्षा पॉलिथिन बरं. म्हणजे तुझी पिंपं!" ताटातली आमटी गार झाली.

तर आता माझ्या शंका. शिशापेक्षा प्लॅस्टिक सरस हे कसं? दुसरं, आमचा प्लॅस्टिकचा दाणा मी ओळखतो. काळा मास्टरबॅच (रंगाचा दाणा) न घातलेलं पिंप गच्चीत ठेवलं तर दोन उन्हाळ्यांत भुरभुरायला लागतं. पुण्याच्या उन्हात न टिकणारं प्लॅस्टिक तिथं काय दिवे लावणार? आणि एवढं नवंनवं मटेरियल शोधत बसण्यापेक्षा लवकर पोहोचणारं यान का नाही करत?

सोपं करून सांगा. भाचीपुढे पुन्हा तोंडावर पडायचं नाहीये.

वात्रट | रविवार, रात्री १०:३१

म्हणजे मंगळावर जाणारा पहिला पुणेकर पिंपात बसून जाणार. आणि उतरल्यावर पिंपाची अनामत परत मागणार.

शब्दवेल्हाळ | रविवार, रात्री १०:५५

पुढे गोंधळ नको म्हणून आधीच सांगतो. 'रेडिएशन' म्हणजे प्रारण. किरणोत्सार म्हणजे अस्थिर अणूंनी आपणहून किरण आणि कण फेकणं. वर्तमानपत्रं दोन्हींची खिचडी करतात. गंमत म्हणजे अंतराळातून येणाऱ्या ज्या माऱ्याला आपण 'विश्वकिरण' म्हणतो, ते बहुतांशी किरण नाहीतच, कण आहेत. व्हिक्टर हेस १९१२ मध्ये फुग्यातून वर गेला आणि उंचीबरोबर हा मारा वाढतो हे त्याला दिसलं. तेव्हा तो किरणांचाच असावा असा समज होता. समज गेला, नाव राहिलं.

वात्रट | रविवार, रात्री १०:५८

इथं माणसाची आमटी गार झालीय आणि यांना व्युत्पत्ती सुचतेय.

केतकी_के | रविवार, रात्री ११:४०

वात्रट, हसू नका. शब्दवेल्हाळांनी नकळत निम्मं उत्तर देऊन टाकलंय.

मी रेडिओथेरपी विभागात मेडिकल फिजिसिस्ट आहे, शिशाशी रोजची गाठ. एक्स-रे हा प्रकाशाचाच भाऊबंद. त्याला गिळायला जड अणू लागतो आणि शिसं त्यात पटाईत. म्हणून दंतवैद्याकडचा एप्रन बरोबरच आहे.

अंतराळातला शत्रू वेगळा. आपल्या आकाशगंगेतून येणाऱ्या माऱ्यात दहातले जवळपास नऊ कण प्रोटॉन, उरलेल्यांत बहुतेक हीलियमची केंद्रकं, आणि शेकडा एकाच्या आसपास त्याहून जड, अगदी लोखंडापर्यंत. असा प्रभारित कण पदार्थात शिरला की वाटेतल्या इलेक्ट्रॉनांशी झटापट करत करत मंदावतो. म्हणजे किलोमागे इलेक्ट्रॉन किती मिळतात हा हिशोब. हायड्रोजनमध्ये केंद्रकातल्या एका कणामागे एक इलेक्ट्रॉन. कार्बनमध्ये अर्धा. शिशात २०७ कणांमागे ८२, म्हणजे ०.४ सुद्धा नाही. वजनाच्या भावात शिसं सगळ्यांत महाग पडतं.

पण भाची म्हणते ते त्याच्याही पुढचं आहे. कॅरम आठवा. स्ट्रायकर एकट्या सोंगटीवर मारला तर एक सोंगटी सरकते. मधोमध रचलेल्या गठ्ठ्यावर मारला तर बोर्डभर पांगापांग. शिशाचं केंद्रक म्हणजे दोनशेवर सोंगट्यांचा गठ्ठा. विश्वकिरणांत सर्रास आढळणाऱ्या, एक जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेच्या एका प्रोटॉननं जाड शिसं गाठलं की वीसेक न्यूट्रॉन उधळतात. प्रयोगशाळांत न्यूट्रॉन हवे असले की मुद्दाम असं करतात! तुम्ही अडवायला गेलात एकाला आणि आत सोडलेत वीस. न्यूट्रॉनला प्रभार नाही, त्यामुळे तो इलेक्ट्रॉनांना दाद देत नाही. त्याला थोपवायचं तर त्याच्याच वजनाचं कुणी समोर हवं, म्हणजे पुन्हा हायड्रोजनच. पाण्यात वजनाच्या ११ टक्के हायड्रोजन असतो, पॉलिथिनमध्ये १४. तुमच्या पिंपाची किंमत ती.

दाणेवाला | सोमवार, सकाळी ७:०५

केतकीताई, कॅरम एका फटक्यात समजलं. भाचीला आजच सांगतो, अर्थात माझं म्हणून.

ट्रॉम्बेकर | सोमवार, सकाळी ९:१५

केतकीबाईंनी छान मांडलं. मी थोडे आकडे घालतो, आयुष्य त्यातच गेलं.

१९५६ मध्ये तुर्भ्याला सुरू झालेली अप्सरा ही अणुभट्टी म्हणजे पाण्याचा तलाव. मी सत्तरच्या दशकात पहिल्यांदा काठावर उभा राहिलो आणि खाली गाभ्याभोवतीचा निळा उजेड पाहिला. माझ्या आणि गाभ्याच्या मध्ये फक्त स्वच्छ पाणी होतं. तेव्हापासून पाण्याबद्दल आदर आहे. छातीवर टीएलडी, म्हणजे अंगावर पडलेलं प्रारण मोजणारा बिल्ला, तो ठरल्या मुदतीनं तपासायला जायचा, आणि आकडा जरा वर दिसला की साहेबांपुढे उभं राहून खुलासा.

तुम्हीआम्ही निसर्गातूनच वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (शरीरावरच्या परिणामाच्या हिशोबानं प्रारण मोजायचं एकक) प्रारण घेतो. प्रारणाचं काम करणाऱ्याला आपल्याकडे पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० ची मर्यादा. क्युरिऑसिटी रोव्हर मंगळाकडे जात असताना त्याच्यावरच्या उपकरणानं वाटेत मोजलं, दिवसाला सुमारे १.८. म्हणजे बारा दिवसांत आमची वर्षाची मर्यादा खलास! मंगळावर उतरल्यावर दिवसाला ०.६५ च्या आसपास, कारण पायाखाली अख्खा ग्रह आड येतो आणि वर थोडी का होईना हवा आहे. जायला सहा महिने, यायला सहा, तिथं पाचशे दिवस मुक्काम धरा. बेरीज हजाराच्या घरात जाते. नासानं अंतराळवीराच्या अख्ख्या कारकिर्दीला घातलेली मर्यादा ६०० आहे. एकाच फेरीत माणूस निवृत्त.

शंकासूर | सोमवार, सकाळी ११:०२

सगळं ऐकायला छान. पण मला सांगा, १०० एमईव्हीचा (एमईव्ही म्हणजे जीईव्हीचा हजारावा भाग) प्रोटॉन थांबवायला पाणी लागतं पावणेआठ सेंटिमीटर. २०० एमईव्हीला पाव मीटरच्या वर. एक जीईव्हीला तीन मीटरहून जास्त. म्हणजे केतकीताईंचा तो 'सर्रास आढळणारा' प्रोटॉन दहा सेंटिमीटरच्या प्लॅस्टिकमधून आरपार जाणार आणि मागे वळून टाटा करणार. मग हा सगळा खटाटोप कशाला? माणूस पाठवूच नका. यंत्रं पाठवा. ती कुरकुरत नाहीत, त्यांना घरी मुलं नसतात.

ट्रॉम्बेकर | सोमवार, दुपारी १२:४८

शंकासूर, आकडे बरोबर. निष्कर्ष अर्धाच.

मारा दोन तऱ्हेचा असतो. एक बाराही महिने रिमझिमणारा, आकाशगंगेतला. दुसरा सूर्याच्या वादळाचा, मुसळधार पण काही तासांचा किंवा काही दिवसांचा. वादळातले बहुतेक प्रोटॉन दहावीस सेंटिमीटर पाण्यात विरतात. ऑगस्ट १९७२ मध्ये असं मोठं वादळ आलं होतं. अपोलो १६ एप्रिलमध्ये परत आलेलं, अपोलो १७ डिसेंबरमध्ये जायचं होतं. दोन्हींच्या बरोबर मध्ये! त्या दिवशी कुणी चंद्रावर फिरत असतं तर पातळ कपड्यांनिशी सापडलं असतं. अशा वेळी तुमचं दहा सेंटिमीटर प्लॅस्टिक जीव वाचवतं.

रिमझिमीचं म्हणाल तर तिला पूर्ण छत्री नाही, हे मान्य. आपल्या डोक्यावर दर चौरस सेंटिमीटरला एक किलो हवा आहे, म्हणजे दहा मीटर पाण्याची छत्री. ती घेऊन कोण उडणार? पण हायड्रोजन तिथंही एक काम करतो. लोखंडाचं केंद्रक त्याच्यावर आपटून फुटलं तर हलके तुकडे होतात. कणाचं पेशींना होणारं उपद्रवमूल्य प्रभाराच्या वर्गानं वाढतं. लोखंडाचा प्रभार २६, म्हणजे त्याच वेगाच्या प्रोटॉनच्या ६७६ पट. फुटून २६ सुटे प्रोटॉन झाले तर उपद्रव २६ वर आला. हे अगदी आदर्श गणित झालं, प्रत्यक्षात मधलेच तुकडे निघतात, तरी फायदा होतोच.

शब्दवेल्हाळ | सोमवार, दुपारी १:३०

भाभांनी १९३७ मध्ये हाइटलरबरोबर विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला तो हाच ना? कण आदळला की कणांचा धबधबा?

ट्रॉम्बेकर | सोमवार, दुपारी १:५२

तो वर्षाव इलेक्ट्रॉन आणि गॅमा किरणांचा. केतकीबाई सांगतायत ती केंद्रकाची फोडाफोड. चुलत भावंडं म्हणा. पण भाभांचं नाव निघालं, बरं वाटलं.

ह्यूस्टनची_माई | सोमवार, रात्री ८:१०

मी नासात काम करत नाही, नुसती त्या गावात राहते. तेवढ्यावर भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा मलाच प्रश्न विचारतो, म्हणून वाचून ठेवावं लागतं.

दाणेवाले, तुमच्या भाचीला हे नक्की सांगा. अंतराळ स्थानकाच्या रशियन भागात झोपायच्या खोलीच्या भिंतीला एक पडदा लावून पाहिला होता. कशाचा? स्वच्छतेसाठी नेलेल्या ओल्या पुसण्यांचा आणि टॉवेलांचा! ओळीनं रचलेले, सगळं मिळून सहासव्वासहा सेंटिमीटर पाण्याच्या तोडीचं. मोजलं तर आतली प्रारणाची मात्रा सुमारे ३७ टक्क्यांनी कमी. कुठलं नवीन मटेरियल नाही, काही नाही. तिथं जे न्यायचंच होतं ते नीट रचून ठेवलं, बस्स.

आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये नासाचं आर्टेमिस १ माणसांविना चंद्राकडे गेलं त्यात दोन पुतळे होते, हेल्गा आणि झोहर. बाईच्या शरीराच्या मापाचे, आत मापकं भरलेली. झोहरच्या अंगात पॉलिथिनची जाड बंडी, हेल्गा तशीच. त्या फेरीत आणखी एक कळलं. पृथ्वीभोवतीच्या व्हॅन ॲलन पट्ट्यातून (पृथ्वीच्या चुंबकत्वात अडकलेल्या कणांच्या) जाताना यान नव्वद अंशात वळवलं तर आतल्या मात्रेचा वेग निम्म्यावर आला. पावसात छत्री वाऱ्याकडे धरावी तसं.

शंकासूर | सोमवार, रात्री ९:२५

माई, त्या ३७ टक्क्यांत एक मेख आहे. स्थानक पृथ्वीच्या चुंबकीय कवचात फिरतं. तिथल्या माऱ्यात पट्ट्यातल्या कमी ऊर्जेच्या प्रोटॉनांचा मोठा वाटा, ते टॉवेलातही अडकतात. मंगळाच्या वाटेवर तेच टॉवेल ३७ टक्के देणार नाहीत.

ट्रॉम्बेकर | सोमवार, रात्री ९:४०

मान्य. हेच लिहायला बसलो होतो.

वात्रट | सोमवार, रात्री ९:४४

शंकासूर आणि ट्रॉम्बेकर काका एका बाजूला! संपादक मंडळ, हा धागा वर चिकटवून ठेवा.

सिरिंजवाली | सोमवार, रात्री ११:१७

दुसऱ्या शंकेला कुणी हातच लावला नाही, म्हणून लिहिते. मी वसईत वैद्यकीय डिस्पोझेबल बनवणाऱ्या कारखान्यात क्यूए, म्हणजे मालाचा दर्जा, बघते. आमचा माल गॅमा किरणांनी निर्जंतुक होतो, त्यामुळे प्लॅस्टिकवर प्रारण काय करतं हे आम्ही रोज खोका उघडून बघतो.

सगळी प्लॅस्टिकं सारखी वागत नाहीत. साधं पॉलिप्रॉपिलीन गॅमानंतर पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं, तेही लगेच नाही. गोदामात सहा महिने पडल्यावर सिरिंजची बाजू चिमटीत तडकते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक अख्खा लॉट परत आला, तेव्हा हे मी रडून शिकले. टेफ्लॉनवर तर रसायनांचा काही परिणाम नाही म्हणून केवढा तोरा, पण प्रारणापुढे ते सगळ्यांत आधी शरण. साखळ्या तुटतात, पीठ होतं. हबल दुर्बिणीवर टेफ्लॉन जातीच्या फिल्मचं पांघरूण होतं. १९९७ मध्ये दुरुस्तीला गेलेल्या अंतराळवीरांना ते चिरलेलं दिसलं होतं.

पॉलिथिनचं उलट आहे. त्याच्या साखळ्या तुटतात तशा एकमेकींना जोडल्याही जातात, आणि जोडणं जास्त होतं. म्हणून तर वायरींचं पॉलिथिन आवरण मुद्दाम इलेक्ट्रॉन बीमखाली घालून पक्कं करतात. दाणेवाले, तुमचं गच्चीवरचं पिंप भुरभुरतं ते ऊन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून करतात. यानाच्या आतल्या भिंतीत ऊनच नाही. तिथं तुमचा दाणा टिकेल. बाहेर मात्र लावू नका.

दाणेवाला | मंगळवार, सकाळी ६:५०

ताई, क्रॉसलिंक वायर आमच्या शेजारच्या गाळ्यातच येते, आणि माझ्या डोक्यात हे कधी आलं नाही! मग नुसती एचडीपीईची जाड चादर लावली की झालं का? ताकदीचं काय? आमचं पिंप दाबाखाली फुगतं.

केतकी_के | मंगळवार, सकाळी १०:३०

तीच खरी अडचण, आणि 'नवीन मटेरियल' लागतं ते तिथं. पॉलिथिन आडोसा चांगला, पण खांब म्हणून मऊ, आणि आग लागली तर वितळून जळणारं. म्हणून शोध असा चालू आहे की जो पदार्थ सांगाड्याचा भार घेईल तोच आडोसाही होईल. नासाच्या मार्शल केंद्रात पॉलिथिनच्याच पोटजातीचं आरएक्सएफ-१ नावाचं साहित्य केलं होतं. कापडासारखे थर एकावर एक दाबून वीट करायची. ॲल्युमिनियमहून मजबूत आणि बरंच हलकं असा करणाऱ्यांचा दावा होता.

मला त्याहून आवडते ती बोरॉन नायट्राइडची नळी. केसाच्या काही हजाराव्या भागाएवढी. कार्बन नॅनोट्यूबसारखीच ताकद, उष्णता त्याहून जास्त सोसते. आणि बोरॉनचा १० वजनाचा भाऊ न्यूट्रॉन गिळण्यात पटाईत. त्या नळ्यांत हायड्रोजन भरता आला तर एकाच धाग्यात ताकद, न्यूट्रॉनला ब्रेक आणि न्यूट्रॉनचा फडशा. नासाचं लँगली केंद्र यावर बरीच वर्षं काम करतंय. अडतं कुठे? प्रयोगशाळेत चिमूटभर होतं, यानाला टनानं लागतं.

नुसती_खिचडी | मंगळवार, दुपारी ३:१५

मी कुठेतरी वाचलं की चेर्नोबिलमध्ये सापडलेली काळी बुरशी प्रारण 'खाते' आणि ती यानाला फासणार आहेत. हे खरं का? आमच्या चाळीतल्या भिंतीवर पावसाळ्यात भरपूर मिळेल.

केतकी_के | मंगळवार, दुपारी ४:०२

अर्धं खरं. क्लॅडोस्पोरियम जातीची ती बुरशी स्थानकावर तीसेक दिवस वाढवून पाहिली. १.७ मिलिमीटरचा थर, आणि खालची नोंद दोनेक टक्क्यांनी कमी. लोकांना बातमी आवडली कारण बुरशी आपली आपण वाढते, वरून न्यावी लागत नाही. पण तिच्यात बहुतांश पाणीच असतं हे विसरू नका.

वात्रट | मंगळवार, दुपारी ४:१०

टॉवेल झाले, बुरशी झाली. आता फक्त आजीचं लोणचं राहिलं.

सर्किट | मंगळवार, रात्री १०:०५

तुम्ही सगळे माणसाच्या मागे लागलात. शंकासूर म्हणतात यंत्रं कुरकुरत नाहीत. अहो, आम्हाला विचारा! मी बेंगळुरूत बोर्ड डिझाइन करतो.

१९६२. ९ जुलैला अमेरिकेनं प्रशांत महासागरावर ४०० किलोमीटर उंचीवर अणुस्फोट केला, स्टारफिश प्राइम. दुसऱ्याच दिवशी टेलस्टार हा दळणवळणाचा उपग्रह उडाला. बिचारा स्फोटानं पसरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ढगात शिरला. नोव्हेंबरपर्यंत ट्रान्झिस्टर थकले, जानेवारीत कसाबसा उठवला, फेब्रुवारी १९६३ मध्ये कायमचा गेला.

गुरूभोवती फिरणाऱ्या जूनो यानाचं घ्या. त्याचा मेंदू टायटेनियमच्या पेटीत आहे. भिंती सेंटिमीटरभर जाड, पेटीचं वजन दोनशे किलोच्या आसपास, आत मारा सुमारे ८०० पट कमी. इथंही शिसं नाही, कारण ते मऊ, उड्डाणाच्या थरथराटात तग धरत नाही. जूनोचा कॅमेरा मात्र पेटीबाहेर. तो पहिल्या आठ फेऱ्यांपुरता बनवलेला. सत्तेचाळिसाव्या फेरीत चित्रं बिघडायला लागली, छपन्नाव्या फेरीला जवळपास सगळीच खराब. मग पृथ्वीवरून आज्ञा पाठवून कॅमेरा मुद्दाम तापवला, नेहमीपेक्षा बराच वर. धातू मऊ करायला भट्टीत घालतात तसं. स्फटिकातले जागचे हललेले अणू थोडे परत जागेवर बसले आणि ३० डिसेंबर २०२३ ला आयो चंद्राजवळून जाताना फोटो चक्क स्वच्छ आले.

म्हणून मला 'प्रारणरोधक' शब्दच खटकतो. शंभर टक्के रोधक काही नसतं. मार खाऊन पुन्हा उठणारं मटेरियल हवं. गुरूकडे जाणाऱ्या युरोपा क्लिपर यानाच्या वेळी मे २०२४ मध्ये, उड्डाणाला काही महिने उरलेले असताना, कळलं की त्यातले काही ट्रान्झिस्टर अपेक्षेपेक्षा लवकर मरतील. यान उघडून सगळे बदलायचे की काय, अशी वेळ आली. तपासणीत दिसलं की यान २१ दिवसांतला एखादाच दिवस गुरूच्या तीव्र माऱ्यात असतं, उरलेल्या काळात ते ट्रान्झिस्टर बऱ्यापैकी सावरतात. १४ ऑक्टोबर २०२४ ला ते त्याच ट्रान्झिस्टरांसह उडालं.

आणि उलटा किस्सा. पर्सिव्हिअरन्स रोव्हरचा मेंदू म्हणजे प्रारणासाठी पक्का केलेला, २०० मेगाहर्ट्झचा आरएडी-७५०. त्याच्या पोटातून गेलेल्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरमध्ये मोबाईलमधला स्नॅपड्रॅगन होता! पाच उड्डाणं अपेक्षित, झाली ७२. थांबलं ते पात्यांना इजा होऊन.

तेजू | मंगळवार, रात्री ११:२०

अंतराळ कशाला, हे मी पुण्याच्या विमानतळावर भोगलंय. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस एअरबसनं ए-३२० जातीच्या सुमारे सहा हजार विमानांना दुरुस्ती करायला लावली. तीव्र सौर प्रारणामुळे नियंत्रण संगणकातली माहिती बिघडू शकते म्हणून. माझं विमान साडेचार तास उशिरा. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, सूर्यामुळे." मला वाटलं टिंगल करतोय.

२००३ मध्ये बेल्जियममधल्या निवडणुकीत एका उमेदवाराला मतदारांच्या संख्येशी न जुळणारी ४०९६ मतं जास्त पडली होती. दोनचा बारावा घात. संगणकातला एक बिट (० चा १) उलटला, बहुधा विश्वकिरणामुळे.

वात्रट | मंगळवार, रात्री ११:२४

आमच्या वॉर्डात दरवेळी होतं हे. तेव्हा सूर्याचं नाव नाही घेत कुणी.

लोणारकर | बुधवार, सकाळी ८:४०

इथून न्यायचं कशाला, तिथलंच वापरा की. चीनच्या चांग-ई ४ यानावरच्या जर्मन उपकरणानं चंद्राच्या पृष्ठभागावर दिवसाला १.३७ मिलिसिव्हर्ट मोजलं. अंगावर दोन-तीन मीटर माती ओढली की बराच बंदोबस्त होतो. बेंगळुरूच्या आयआयएससीनं इस्रोबरोबर चंद्राच्या मातीसारख्या मातीत जिवाणू, युरिया आणि गवारीचा डिंक घालून विटा केल्या आहेत. आणि आमचं लोणार म्हणजे बेसॉल्टमधलं आघाती विवर, चंद्रावरच्यासारखं. राहण्याचा सराव करायला या, पिठलं-भाकरी मिळेल.

दाणेवाला | बुधवार, रात्री ९:३०

मंडळी, दुपारी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. दोन बाय दोन बाय दोन मीटरची झोपायची खोली, सहाही बाजूंनी दहा सेंटिमीटर एचडीपीई. चोवीस चौरस मीटर, एका चौरस मीटरला पंच्याण्णव किलो. एकूण २२८० किलो. आमचं दोनशे लिटरचं पिंप नऊ किलोचं धरलं तर अडीचशे पिंपं! आमच्या मशीनवर दीड दिवसाचं काम. पण वर न्यायचं भाडं?

ह्यूस्टनची_माई | बुधवार, रात्री १०:४८

म्हणूनच टॉवेल! पाणी, खाणं, कपडे, औषधं असं तुम्ही नेणारच आहात. ते खोलीभोवती रचा. नासाच्या ओरायन यानात सौर वादळाची सूचना आली की अंतराळवीर मधल्या सामानाच्या कप्प्यांत शिरतात आणि पिशव्या स्वतःभोवती लावून घेतात. खाणं संपत जाईल तसा कचरा त्याच जागी. एका केंद्रात कचरा दाबून, वितळवून त्याच्या फरशा करायचंही काम झालंय, आडोशाला वापरायला.

शंकासूर | बुधवार, रात्री ११:३५

आणि तिसरी शंका तशीच लटकतेय. सहाऐवजी तीन महिन्यांत पोहोचलात तर प्रवासातली मात्रा निम्मी, एक ग्रॅम प्लॅस्टिक न वाढवता. माझं मत दाणेवाल्यांच्या बाजूनं. पैसे इंजिनात घाला.

ट्रॉम्बेकर | गुरुवार, सकाळी ९:०५

वेगवान इंजिन म्हणजे अणुइंजिन, आणि त्याचं स्वतःचं प्रारण. तेही अडवायला हवं. तिथं इंजिन आणि माणसं यांच्या मध्ये द्रवरूप हायड्रोजनची टाकी ठेवायची असं योजतात. इंधन तेच, आडोसा तोच. फिरून हायड्रोजनपाशीच आलो की नाही? शिवाय मंगळावर जितके दिवस मुक्काम, तितक्या दिवसांचा मारा कुठलंही इंजिन अडवत नाही. तिथं लोणारकरांची माती लागेलच.

शंकासूर | गुरुवार, सकाळी ९:३०

टाकीचा मुद्दा माहीत नव्हता. विचार करतो. यंत्रांबद्दलचं मत कायम.

दाणेवाला | पुढच्या शनिवारी, संध्याकाळी ६:१५

प्रदर्शन झालं. भाचीनं माझ्याकडची चार पिंपं मागितली होती, शेवटी घेतलं एकही नाही. म्हणाली, "पिंप रिकामं नेणं म्हणजे वजन वाया, मामा. भरून नेलं तर चालेल." पुठ्ठ्याची खोली केली, भोवती पाण्याच्या बाटल्या, चिवड्याची पाकिटं, घड्या घातलेले पंचे. शेजारी कॅरम बोर्ड. परीक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "शिसं का नाही वापरलं?" तिनं त्यांच्या हातात स्ट्रायकर दिला आणि मधला गठ्ठा फोडायला सांगितला. एक सोंगटी बाईंच्या चहात पडली म्हणतात.

दुसरा नंबर. सगळ्यांचे आभार, केतकीताईंचे जरा जास्त.

ट्रॉम्बेकर | शनिवार, संध्याकाळी ६:४०

तिचं खास अभिनंदन सांगा. पहिला नंबर कशाला गेला?

दाणेवाला | शनिवार, संध्याकाळी ६:४४

ठिबक सिंचन.

वात्रट | शनिवार, संध्याकाळी ६:४५

म्हणजे पाइप पॉलिथिनचाच. जिंकलात की हो.